यंत्राचा परकायाप्रवेश

शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची कथा वाचकांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असेलच. देह राजाचा, पण वागणें निराळें; म्हणूनच प्रधानांस संशय आला. परवां नातवानें आपला मोबाइल आमच्यापुढें धरला, तेव्हां ह्या कथेचें आम्हांस स्मरण झालें. कांचेवर एका निळसर पेटीचें चित्र होतें. तीवर खटक्यांच्या रांगा आणि छत्तीस तांबडे दिवे. बोट लागतांच खटका वर जाई आणि दिवे उजळत.

हें यंत्र म्हणजे ‘आल्टेअर ८८००’. अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमधील आल्बुकर्क येथें एड रॉबर्ट्स ह्यांच्या ‘मिट्स’ कंपनीनें तें काढलें. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर तें झळकलें, आणि हौशी लोकांनीं सुट्या भागांचे संच मागवून घरच्या मेजावर डाख देत तें जुळविलें. मूळ संचांत स्मरण अवघें २५६ बाइटांचें. पडदा नाहीं, कळफलक नाहीं. खटका वर म्हणजे १, खालीं म्हणजे ०. ‘अमुक ठिकाणीं उडी घे’ एवढें सांगावयाचें तर ११००००११ असे आठ खटके लावावयाचे, आणि उडीचें ठिकाण सांगण्यास आणखी दोन वेळां तोच उद्योग. वीज गेली कीं सारें पुसलें!

मोबाइलच्या प्रोसेसरास आल्टेअरमधील इंटेल ८०८० ची भाषा येत नाहीं. म्हणून मध्यें एक दुभाषी आज्ञावली ठेवितात. जुन्या यंत्राच्या प्रत्येक कप्प्यांत काय आहे ह्याची ती वही ठेविते. एकेक आज्ञा वाचून ८०८० नें जें केलें असतें तें वहींत करिते. मूळ यंत्राचे ठोके सेकंदास वीस लक्ष. मोबाइल कित्येक शतपट वेगवान. त्यामुळें ह्या दुभाष्यास मुद्दाम थांबत थांबत चालावें लागतें.

“खोट्या यंत्राशीं खेळून काय मिळणार?” असें आमच्या वडील बंधूंनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. पण इतिहास निराळें सांगतो. १९७५ सालीं पॉल ॲलन व बिल गेट्स ह्यांनीं आल्टेअरसाठीं ‘बेसिक’ भाषा लिहिली, तेव्हां त्यांच्यापाशीं आल्टेअर नव्हतेंच. (भाषा तयार आहे असें कंपनीस मात्र आधींच कळविलें होतें! हें धाडस आम्ही विद्यार्थ्यांपुढें आदर्श म्हणून ठेवणार नाहीं.) हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-१० ह्या मोठ्या यंत्रांत ॲलननें ८०८० ची नक्कल उभी केली आणि भाषेची परीक्षा तींतच झाली. मग कागदी फीत घेऊन तो आल्बुकर्कला गेला. खऱ्या यंत्रानें दोन आणि दोन चार असें बिनचूक उत्तर दिलें. अस्सलाच्या पहिल्या यशामागें नक्कलच होती.

आणखी एक लाभ आम्हांस मोठा वाटतो. आजचा मोबाइल आपलें अंतरंग कोणास दाखवीत नाहीं. आल्टेअरचे दिवे प्रत्येक पाऊल दाखवितात. द्विमान पद्धतींतील हातचा कसा सरकतो, हें आम्ही फळ्यावर तासभर शिकवीत असूं. नातवास तें एका संध्याकाळीं उमगलें.

नकलेस न साधणारीही एक गोष्ट आहे. १९७५ सालींच कॅलिफोर्नियांतील ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’मध्यें स्टीव्ह डॉम्पियर ह्यानें आल्टेअरशेजारीं रेडिओ ठेवला. यंत्राच्या विद्युल्लहरींनीं रेडिओंत खरखर उठे. आज्ञांचीं आवर्तनें लहानमोठीं करून त्यानें तिच्यांतून चक्क गाणें वाजविलें. हा गुण कोणी योजिलेला नव्हता. तो त्या देहाचा होता. दुभाष्याच्या वहींत त्याची नोंद कोठून असणार? कोणी मुद्दाम लिहिली तरच.

नातवास हें पटेना. त्यानें माळ्यावरचा रेडिओ काढून पुसला, मोबाइलशेजारीं ठेवला आणि दिवे चालू केले. खरखर पुष्कळ आली. सूर मात्र लागला नाहीं.