चाहत्याला नक्की काय ऐकू येतं?

आस्वाद म्हणजे काय, हा प्रश्न आपण आज एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'विल द सर्कल बी अनब्रोकन' नावाची तीन तबकड्यांची कंट्री संगीताची ध्वनिमुद्रिका. ऑगस्ट १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत ती मुद्रित झाली, १९७२ मध्ये बाजारात आली, आणि तिचे चाहते आजही तिच्याबद्दल घरातल्या माणसाविषयी बोलावं तसं बोलतात.

'निटी ग्रिटी डर्ट बँड' म्हणजे कॅलिफोर्नियातली, विशीतली, लांब केस वाढवलेली पोरं. त्यांनी जुन्या पिढीला बोलावलं : मेबेल कार्टर, रॉय अकफ, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन. बिल मन्रो यांनी मात्र नकार दिला. दिवस व्हिएतनाम युद्धाचे होते. लांब केस ही तेव्हा नुसती फॅशन नव्हती, ती बाजू होती. अकफसुद्धा आधी साशंकच होते.

आता चाहत्यांना यात काय आवडतं? गाणी, हे झालंच. पण ते आवर्जून सांगतात ते गाण्यांच्या मधलं बोलणं. मुद्रण थेट दोन ट्रॅकवर झालं, मागाहून काही चिकटवलं नाही, आणि वादकांच्या गप्पाही तबकडीत राहू दिल्या. वॉटसन लहानपणापासून अंध. त्यांनी मुलाचं नाव मर्ल ठेवलं ते ट्रॅव्हिस यांच्यावरून. आणि या दोघांची पहिली भेट होते ती याच स्टुडिओत! ते संभाषण ध्वनिमुद्रिकेत आहे.

कुणी म्हणेल, हा तर इतिहास झाला, किंवा भावुकपणा. यात संगीत कुठे आहे? आक्षेप रास्त आहे, पण आम्हाला तो पुरता पटत नाही. मेबेल कार्टर यांची गिटार घ्या. अंगठ्याने खालच्या स्वरांच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटाने वरच्या तारा छेडून ताल धरायचा. हे ठाऊक नसेल तर साधी साथ ऐकू येते. ठाऊक असेल तर एका हातात दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. म्हणजे माहिती कानाच्या बाहेर राहत नाही. ती ऐकण्यातच उतरते. अभिनवगुप्तांचा सहृदय आठवा : सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो. केंटकीतल्या एखाद्या ट्रकचालकाने हा शब्द ऐकलेला नसेल, पण कार्टर कुटुंबाची गाणी ऐकत तो वाढला असेल तर तो सहृदयच आहे.

पण बघा, इथेच एक धोकाही आहे. जाणकार चाहता हळूहळू पहारेकरी होतो. 'खरं कंट्री हे, ते नव्हे' असं सुरू होतं. शीर्षकगीताचंच पाहा. ते मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं चर्चमधलं भजन. कार्टर मंडळींनी त्याला आईच्या अंत्ययात्रेचं गाणं करून १९३५ मध्ये मुद्रित केलं. चर्चमधल्या एखाद्या कर्मठ श्रोत्याला तेव्हा ती मोडतोडच वाटू शकली असती. आज तेच परंपरेचं प्रमाण! परंपरा शुद्ध असते म्हणून टिकते, हे म्हणणं निदान या गाण्याबाबत तरी खरं नाही. हातात आलेलं प्रत्येकाने थोडं बदललं, म्हणून ते इथवर आलं.

आणि शेवटची रचना कोणती? इतकी जुनी गाणी झाल्यावर अर्ल स्क्रग्ज यांचा तरुण मुलगा रँडी एकटा गिटारवर 'बोथ साइड्स नाऊ' वाजवतो. जोनी मिचेल यांचं, तेव्हाचं अगदी अलीकडचं गाणं. शब्द नाहीत, बाकी कुणी साथीला नाही. पहारेकऱ्याने इथे सुई उचलली तर ते समजण्यासारखं आहे. आता आपण तेवढा तुकडा ऐकू, आणि मग प्रश्न घेऊ.