बूट घडीवरच का सोलपटतो?

रोज वापरातला चामडी बूट बहुतेक वेळा पाऊल वाकतं त्या घडीवरच सोलपटतो. दुसरा एखादा जोड मात्र तिथे नुसत्या सुरकुत्या घेऊन वर्षानुवर्षं टिकतो. हा फरक कातड्याच्या थराचा आहे. कातडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. वरच्या बाजूला ते बारीक आणि दाट असतं, मांसाकडे सैल होत जातं. जाड कातडं आडवं चिरल्यावर खाली उरतो तो ‘स्प्लिट’. त्यावर पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढवून कातड्यासारखी नक्षी दाबतात. बूट वाकला की तंतू कातड्यात मुरलेल्या तेलामुळे एकमेकांवरून सरकतात. पापुद्र्याला तशी सोय नसते, म्हणून तो ओल आलेल्या भिंतीसारखा पोपडे धरतो.

कुणी म्हणेल, दुकानात तर हा स्प्लिटचाच बूट जास्त देखणा दिसतो. दिसतो, पण नवा असेपर्यंतच. अस्सल वरच्या थरावर रंध्रं असतात, क्वचित गोचिडाचे डागही, आणि माझ्या मते तेच त्याचं खरं रूप. पॉलिशने ते खुलत जातं. ‘अस्सल लेदर’ या शिक्क्यावर विसंबू नये, कारण स्प्लिटही चामडंच. अंगठ्याने दाबून बघावं: बारीक, असमान सुरकुत्या उमटल्या तर थर वरचा असण्याची शक्यता जास्त. तळवाही पाहावा. वेल्ट म्हणजे कडेची पट्टी. तिला शिवलेला तळवा झिजला की वरच्या चामड्याला धक्का न लावता बदलता येतो. पॉलियुरेथेनचा तळवा मात्र दमट हवेत कपाटात नुसता ठेवला तरी काही वर्षांत भुगा होऊ शकतो.