कांद्याला युरिया हवा, पण किती?



रब्बी कांद्याची पात काळीशार हिरवी, जोमदार दिसली की मन सुखावते. पण पुढे माना जाड राहतात, काढणी लांबते आणि चाळीत भरलेला कांदा भाव येण्याआधीच सडू लागतो. पुष्कळदा याचे कारण जास्तीचा व उशिरा दिलेला युरिया हेच असते. वर्षाचा घरखर्च ज्या कांद्यावर, तोच हातचा जातो.

नत्र जाते कोठे?

चुनखडीच्या काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन हवेत उडतो. हलक्या जमिनीत नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाते. तेच पुढे विहिरीच्या पाण्यात उतरते. २०१५ पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नत्र सावकाश सुटते, पण नत्र धरून ठेवायला जमिनीत सेंद्रिय अंश हवाच.

हिशेब असा करा

४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र धरले, तर एकरी ४० किलो, म्हणजे जवळपास दोन गोण्या. डीएपीची ५० किलोची गोणी दिली असेल, तर तिच्यातले ९ किलो नत्र यातून वजा करा. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

जमिनीला काय द्यावे?

१. चांगले कुजलेले शेणखत. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, म्हणजे ५ टनांत २५ किलो. ते सारे एकाच हंगामात मिळत नाही. काही पुढच्या पिकाला उपयोगी पडते. कच्चे खत मात्र घालू नका. ते कुजताना जमिनीतलेच नत्र खाते. खताचा खड्डा उन्हापावसापासून झाकून ठेवा.

२. निंबोळी पेंड. हिच्यात सुमारे ५ टक्के नत्र असते. ती शेवटच्या पाळीबरोबर मातीत मिसळा.

३. ताग किंवा धैंचा. पावसाळ्यात पेरून फुलावर येताना गाडा आणि कुजायला वेळ देऊन मगच लागवड करा.

४. अ‍ॅझोटोबॅक्टर. रोपांची मुळे त्याच्या द्रावणात बुडवून लावा. हे द्रावण रासायनिक खतात मिसळू नका.

एकदम कपात नको

ज्या रानात वरील खते पडली आहेत, तेथेच दोन गुंठ्यांत युरिया पाव हिश्श्याने कमी करा. म्हणजे एकरी दोन गोण्यांच्या जागी दीड. शेजारच्या दोन गुंठ्यांत नेहमीप्रमाणे द्या. निम्मा लागवडीला, उरलेला दोन हप्त्यांत, मातीत मिसळून. लागवडीनंतर ६० दिवस झाले की नत्र बंद.

दोन्हीकडचा कांदा वेगळा मोजा, चाळीतही वेगळा ठेवा. तीन महिन्यांनी घरच्या मंडळींनी मिळून सडका कांदा निवडून त्याचे वजन करावे. उत्पन्न घटले नाही आणि कांदाही टिकला, तर पुढच्या वर्षी सगळ्या रानात हेच करा. लागवडीपूर्वी माती तपासून घ्यायला मात्र विसरू नका.