रोमन नाणं आणि विट्याची मूस

विटा, खानापूर, आटपाडी आणि पलीकडे साताऱ्यातले खटाव-माण. या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं, हे त्यांचं काम. अशा गलाईवाल्याच्या हाती रोमन सम्राट गॅलिएनसचं (इ.स. २५३–२६८) नाणं दिलं तर तो चमक बघून भुलणार नाही. काठावर कानस मारेल. आत लालभडक तांबं.

मग वरची चांदी कुठून आली? हिणकस चकती तापवली, की वरच्या थरातलं तांबं काळं पडतं. ती आंबट द्रावणात बुडवली, की हे काळं निघून जातं, चांदी मागे राहते आणि ठसा मारताना दाबून बसते. चांदी अगदीच नावाला उरली, तेव्हा वरून सरळ मुलामा दिला.

भेसळ जुनीच. सम्राट निरोने इ.स. ६४ मध्ये दिनारियस या चांदीच्या नाण्याचे वजन आणि कस दोन्ही उतरवले; त्यानंतरची रोमन चांदी भारतात क्वचितच सापडते. आपले व्यापारी पारखी होते, असं मला तरी वाटतं. पुढे २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने नवं नाणं काढलं. किंमत दोन दिनारियसची, चांदी जेमतेम दीडची, फरक खजिन्यात. सैन्याचे पगार, सरहद्दीवरच्या लढाया, त्यात २६० मध्ये गॅलिएनसचा बाप व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या कैदेत. चांदी निम्म्यावरून दोन-तीन टक्क्यांवर आली.

गलाईवाल्याला नेमका टंच, म्हणजे चांदीचं प्रमाण, काढायचा तर नाणं नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचं. चांदी-तांबं दोन्ही विरघळतात, पाणी निळं-हिरवं होतं. त्यात तांब्याची पट्टी सोडली, की चांदी राखाडी गाळ होऊन तिच्यावर जमते. गाळ धुऊन मुशीत वितळवायचा. किलोभर नाण्यांमागे वीस-तीस ग्रॅम चांदी!

संग्रहालयवाल्यांनी घाबरू नये, ते क्ष-किरणांनी कस बघतात. पण हे किरण वरचाच थर वाचतात, त्यामुळे चांदीचा आकडा फुगतो. म्हणून काठात बारीक भोक पाडून आतला कीस तपासावा लागतो. म्हणजे शेवटी कानसच.

गॅलिएनसनंतर, २७४ मध्ये, सम्राट ऑरेलियनने कस सुमारे पाच टक्क्यांवर नेला आणि नाण्यावर रोमन अंकांत २१ कोरलं. वीस भाग तांबं, एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात.