धुराला समुद्रस्नान

दगडी कोळशात गंधक असते. आपल्याकडच्या कोळशात ते साधारण अर्धा टक्का, म्हणून कुणी फारसे मनावर घेत नाही. पण हिशेब करून पाहा. एक टन कोळशात ५ किलो गंधक. जळताना त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. ५०० मेगावॉटच्या वीजकेंद्राला तासाला तीनशे टनांच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे तासाला तीन टन वायू!

डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र एवढ्याच क्षमतेचे, आणि सभोवती चिकूच्या बागा. १९९१ सालीच केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. धुराडे २७५ मीटर उंच आहे खरे. पण उंच धुराडे वायू नाहीसा करत नाही, दूरवर पसरवते. हवेत त्यापासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने येथे धूर धुण्याची यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती चालू व्हायला २००७ साल उजाडले.

धूर धुवायचा कशाने? बहुतेक ठिकाणी चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याने. त्यातून जिप्सम मिळते. (फळ्यावरचा खडूही बहुधा जिप्समचाच. त्यावर व्हिनेगर टाकून पाहा, फेस येणार नाही. शिंपल्यावर मात्र येईल.)

डहाणूला समुद्र हाताशी. बायकार्बोनेटमुळे समुद्राचे पाणी किंचित आम्लारिधर्मी असते. राख आधीच वेगळी काढलेला धूर मनोऱ्यात खालून वर चढतो, वरून पाण्याचा वर्षाव होतो. वायू विरघळून आम्ल बनते, बायकार्बोनेट ते उदासीन करते. एक टन कोळशाच्या वायूला यासाठी सव्वाशे ते दीडशे घनमीटर पाणी लागते. आकडा ऐकून धडकी भरते, पण यंत्रे थंड करण्यासाठी आणलेले पाणीच येथे पुन्हा कामी येते.

नंतर हौदात हवा फुंकतात. सल्फाइटचे सल्फेट होते. ही पायरी गाळली, तर सल्फाइट समुद्रातला ऑक्सिजन वापरून टाकील आणि मासे गुदमरतील. सल्फेटचे तसे नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते मुळातच २.७ ग्रॅम असते, त्यात जेमतेम दशांश ग्रॅमची भर पडते.

२०१५ साली देशभरच्या औष्णिक केंद्रांना या वायूची मर्यादा घालून दिली गेली. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना यंत्रणेतून सूट मिळाली. एक कारण दिले गेले ते आपल्या कोळशातल्या कमी गंधकाचे.