शब्द अडला की

आपली मुले इंग्रजी वाचताना अडतात ती शब्दापाशी कमी, भीतीपाशी जास्त. शब्द अडला की आधी कोश उघडावा, ही रीत घरात पुस्तकांचे कपाट असणाऱ्यांची. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. मला वाक्यालाच अर्थ विचारावा लागला.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध मी बी.ए.च्या मुलांसमोर ठेवतो. 'एंडोगमी' दिसली की मुले थबकतात. मी म्हणतो, पुढे चला. पुढे 'एक्झोगमी' येते, आणि तिच्याजवळ सगोत्र, सपिंड. एका देवकात सोयरीक होत नाही, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले काय? म्हणजे एक्झोगमी गटाबाहेरचे लग्न. तिच्याविरुद्ध उभी केलेली एंडोगमी जातीच्या आतले.

'सरप्लस' मात्र कोश पाहूनही कळत नाही. कोशात 'शिल्लक', गोदामातल्या धान्यासारखी. इथे शिल्लक आहे ती बाई! नवरा मेल्यावर जातीच्या हिशेबात जास्त ठरलेली. पुढे सती आणि सक्तीचे वैधव्य येते, तेव्हा या शिलकीची वाट कशी लावली ते उमगते. एका विद्यार्थिनीने वहीत अर्थ लिहिला, 'जिचा बंदोबस्त करायचा ती.' कोणत्या कोशात आहे हा अर्थ?

अर्थात संदर्भ दरवेळी पानावरच सापडतो असे नाही. 'डिप्रेस्ड क्लासेस'मधला 'डिप्रेस्ड' पुष्कळ मुले 'खिन्न' असा वाचतात. तिथे शेजारचे वाक्य पुरत नाही. १९३२ चा पुणे करार ठाऊक असावा लागतो.