नव्या हृदयाआधी जुन्या जीवाणूंचा शोध

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवले. जगातले हे पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण. लुई वॉशकान्स्की नावाचा तो रुग्ण शुद्धीवर आला, बोलू लागला आणि अठराव्या दिवशी मरण पावला. नवे हृदय तोपर्यंत चांगले चालत होते. मृत्यूचे कारण होते जीवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दडपून ठेवली होती, आणि जीवाणूंना नेमकी तीच संधी मिळाली.

म्हणूनच आज हृदय प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या शरीरात कोणते जीवाणू आधीपासून राहत आहेत, याचा शस्त्रक्रियेपूर्वीच कसून शोध घेतला जातो. रुग्णाला ताप नाही, खोकला नाही, तरीही हा शोध का घ्यायचा आणि तो कसा घेतात, ते आपण पाहू.

एकाच पेशींची दोन कामे

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी परक्या गोष्टी ओळखतात. दुसऱ्याचे हृदय परके आहे हे ओळखून त्याच हल्ला सुरू करतात. त्यामुळे प्रत्यारोपणानंतर टी पेशींना आवर घालणारी औषधे रुग्णाला जन्मभर घ्यावी लागतात. बुरशीपासून मिळणारे सायक्लोस्पोरिन हे त्यांपैकी एक. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणानंतर रुग्ण जगण्याचे प्रमाण वाढले. भारतात पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

मात्र याच टी पेशी आणखी एक काम करत असतात. क्षयाचा जीवाणू फुप्फुसात शिरला, तरी बहुतेकांना क्षयरोग होत नाही. टी पेशींच्या मदतीने इतर पेशी जीवाणूंभोवती कोंडाळे करतात आणि त्यांना तिथेच अडकवून ठेवतात. जीवाणू मरत नाहीत. ते वर्षानुवर्षे सुप्त राहतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. निरोगी माणसाला त्यापासून क्षयरोग होण्याची शक्यता आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के असते. टी पेशी औषधांनी दडपल्या की कोंडाळे ढिले पडते आणि ही शक्यता कितीतरी वाढते. परक्या हृदयावर हल्ला करू नका, पण क्षयाच्या जीवाणूवरचा पहारा चालू ठेवा, असा फरक या औषधांना करता येत नाही.

न दिसणारा जीवाणू ओळखायचा कसा?

सुप्त जीवाणू थुंकीत सापडत नाहीत आणि क्ष-किरण चित्रातही बहुधा दिसत नाहीत. म्हणून त्यांच्याऐवजी टी पेशींची आठवण तपासतात. माँटू चाचणीत क्षयाच्या जीवाणूंपासून मिळवलेली प्रथिने हाताच्या त्वचेत टोचतात. टी पेशींची या जीवाणूशी पूर्वी गाठ पडली असेल, तर त्या तिथे जमतात आणि ४८ ते ७२ तासांत कडक फुगवटा येतो. मोजायचा तो हा फुगवटा, भोवतालची लाली नव्हे. प्रत्यारोपणाच्या रुग्णात ५ मिलिमीटरचा फुगवटाही संसर्गाची खूण मानतात.

अडचण अशी की बीसीजी लस घेतलेल्यांतही फुगवटा येऊ शकतो. त्यावर दुसरी चाचणी आहे. क्षयाच्या जीवाणूत असलेली, पण बीसीजीच्या जीवाणूत नसलेली दोन प्रथिने रुग्णाच्या रक्तात मिसळतात आणि टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हा पदार्थ सोडतात का ते पाहतात. त्याच वेळी रक्ताच्या आणखी दोन नळ्या ठेवलेल्या असतात. एकीत काहीच मिसळत नाहीत. दुसरीत टी पेशींना हमखास चेतवणारा पदार्थ घालतात. या दुसऱ्या नळीतही प्रतिसाद आला नाही, तर 'संसर्ग नाही' असे म्हणता येत नाही. टी पेशीच थकलेल्या आहेत एवढेच कळते. प्रयोगात तुलनेसाठी वेगळी नळी का ठेवायची, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

टी पेशी दडपल्यानंतर दोन्ही चाचण्यांचा भरवसा कमी होतो. म्हणून त्या शस्त्रक्रियेपूर्वीच करायच्या.

चार तास आणि चारशे तास

घाईचे आणखी एक कारण आहे. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय थंड ठेवले तरी साधारण चार तासांतच बसवावे लागते. एका जीवाणूचे दहा लाख होण्यासाठी त्याला सुमारे वीस वेळा दुप्पट व्हावे लागते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे त्याला ४०० मिनिटे पुरतात. क्षयाच्या जीवाणूला दुप्पट व्हायला सुमारे वीस तास लागतात. त्याला ४०० तास, म्हणजे सोळा दिवसांहून अधिक वेळ हवा. प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायला तर कित्येक आठवडे जातात. हृदय मिळाल्याचा निरोप आल्यावर यातले काहीच करता येत नाही.

इतर लपण्याच्या जागा

सुमारे तीनांपैकी एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू निरुपद्रवीपणे राहतो. शस्त्रक्रियेच्या जखमेत मात्र तोच घातक ठरतो. नाकातील नमुना तपासून गरज पडल्यास मलम लावतात व जंतुनाशकाने अंघोळ घालतात. किडलेले दात आधीच काढतात किंवा दुरुस्त करतात, कारण तोंडातले जीवाणू तिथून रक्तात शिरतात. लघवीची आणि सिफिलिससाठी रक्ताची तपासणी होते. काही रुग्ण यांत्रिक पंपाच्या आधाराने वाट पाहत असतात. पंपाची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येते, त्या छिद्राची निगा रोज राखावी लागते.

संसर्ग सापडला तर?

सुप्त क्षयसंसर्ग सापडला म्हणून रुग्णाचे नाव यादीतून जात नाही. क्रियाशील क्षयरोग नाही याची खात्री करून त्याला सहा ते नऊ महिने आयसोनायझिड देतात. मध्येच हृदय मिळाले, तर शस्त्रक्रिया करून औषध पुढे चालू ठेवता येते. क्रियाशील क्षयरोग असेल, तर मात्र तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे लागते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच देऊन संपवतात. ते यकृतातील विकरे वाढवते, त्यामुळे सायक्लोस्पोरिनसारखी औषधे लवकर नष्ट होतात आणि शरीर नवे हृदय नाकारू लागते. एकच गोळी प्रत्यारोपणापूर्वी उपकारक, तर नंतर धोक्याची ठरू शकते.

तपासण्या निर्दोष आल्या तरी शस्त्रक्रियेनंतर लक्ष ठेवावेच लागते. दडपलेल्या प्रतिकारशक्तीत तापही नीट येत नाही आणि संसर्ग उशिरा कळतो. मात्र पूर्वी केलेल्या तपासणीमुळे डॉक्टरांना कुठे पाहायचे हे ठाऊक असते. वॉशकान्स्की यांच्या आजारात फुप्फुसावरच्या छाया सुरुवातीला शरीराने हृदय नाकारल्याच्या खुणा समजल्या गेल्या आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढवण्यात आली होती.